एक मतदारसंघ, दोन खासदार : नांदेड १९५२ ते १९६२

१९५७च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड मतदारसंघातून दोन खासदार निवडून आले. एक होते काँग्रेसचे देवराव नामदेवराव पाथरीकर कांबळे, दुसरे डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले. मतदारसंघ एकच, मतदारयादी एकच आणि मतदानही एकाच वेळी झालेले. तरीही एक खासदार सत्ताधारी बाकांवर बसणार होता आणि दुसरा विरोधी बाकांवर. आजच्या वाचकाला ही गणनेतली चूक वाटेल, पण कायद्यानेच तशी रचना केलेली होती. नांदेड हा दोन जागांचा, म्हणजे द्विसदस्य मतदारसंघ होता. १९५२ आणि १९५७ अशा दोनच सार्वत्रिक निवडणुका त्याच्या वाट्याला आल्या. १९६१ साली संसदेने कायदा करून असे सगळे मतदारसंघ मोडले आणि १९६२ साली मराठवाड्याच्या यादीत एक नवे नाव आले : लातूर.

दहा वर्षे टिकलेल्या या मतदारसंघाची आठवण आज कुणी फारशी काढत नाही. राखीव जागा कुठे असावी, तिथून निवडून आलेला प्रतिनिधी नेमका कुणाचा आणि कुणाला कुणाच्या दारी मत मागायला जावे लागावे, हे प्रश्न मात्र इथल्या मातीत पहिल्यांदा उभे राहिले ते या मतदारसंघात. म्हणून त्याचा इतिहास नीट समजून घेण्यासारखा आहे.

निजामी राज्यातून मतपेटीकडे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तोवर मराठवाड्यातल्या सामान्य माणसाने प्रौढ मताधिकाराने कुणालाही निवडून दिलेले नव्हते. शेजारच्या मुंबई इलाख्यात १९३७ साली निवडणुका झाल्या होत्या, तिथे मर्यादित का होईना, मतदारांचा एक वर्ग तयार झाला होता. निजामाच्या राज्यात तेवढेही नव्हते. विलीनीकरणानंतर आधी लष्करी प्रशासन आले आणि १९५० पासून मुख्यमंत्री वेल्लोडी यांचे नेमलेले मंत्रिमंडळ. त्यामुळे १९५२ सालची पहिली सार्वत्रिक निवडणूक ही मराठवाड्यासाठी खऱ्या अर्थाने पहिली होती. एकवीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला, मग तो पाटील असो की सालगडी, पुरुष असो की बाई, मत मिळाले.

हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा आल्या होत्या, पण मतदारसंघ होते २१. चार मतदारसंघांतून प्रत्येकी दोन खासदार जायचे होते : महबूबनगर, करीमनगर, नलगोंडा आणि नांदेड. पहिले तीन तेलंगणातले. मराठी भागात हा मान एकट्या नांदेडला होता. औरंगाबाद, अंबड, बीड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठवाड्यातले बाकीचे मतदारसंघ एकेका जागेचे होते. म्हणजे नावे सहा आणि जागा सात.

भाषावार राज्ये अजून व्हायची होती. त्या निवडणुकीत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ कानडी मुलखातल्या गुलबर्ग्याहून निवडून आले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदर जिल्ह्यात होते. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, बाजारपेठेसाठी प्रसिद्ध, पण लोकसभेच्या नकाशावर त्याचे नाव नव्हते.

दोन जागा कशासाठी?

हे समजण्यासाठी १९३२ पर्यंत मागे जावे लागते. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी त्यांच्याच मतांनी निवडले जाणार होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, पण मतदार सगळ्या जातींचे, एकत्र. प्रतिनिधी दलित असेल, त्याला निवडणारे मात्र सगळे असतील, हे तत्त्व त्या करारातून आले आणि पुढे राज्यघटनेत कायम झाले.

मग व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. एक जागा असलेला मतदारसंघ राखीव केला, तर तिथल्या इतर समाजांच्या माणसांना उमेदवारीच करता येत नाही. त्यावर तोडगा असा निघाला की शेजारचा मुलूख एकत्र करून मोठा मतदारसंघ करायचा आणि त्यातून दोन प्रतिनिधी पाठवायचे. एक जागा राखीव, दुसरी सगळ्यांसाठी खुली. त्यामुळे कुणाचाही उमेदवारीचा हक्क जात नाही आणि राखीव जागाही राहते.

ही कल्पना भारताने हवेतून काढलेली नव्हती. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये एका मतदारसंघाचे दोन सदस्य ही शतकानुशतकांची रीत होती. १२६५ साली सायमन द माँटफोर्टने बोलावलेल्या सभेत प्रत्येक परगण्याचे दोन सरदार आणि निवडक शहरांचे दोन-दोन नागरिक होते. ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकाडावरूनही १८३२ पर्यंत दोन सदस्य जात राहिले. १८८५च्या कायद्याने तिथले बहुतेक द्विसदस्य मतदारसंघ मोडले. उरलेले १९४८च्या कायद्याने संपले आणि १९५०ची निवडणूक पूर्णपणे एकसदस्य मतदारसंघांतून झाली. इंग्लंड ही पद्धत सोडत होते त्याच सुमारास भारत ती हाती घेत होता, पण अगदी वेगळ्या कारणासाठी. तिथे त्या दोन जागांमागे जुनी वहिवाट होती, इथे सामाजिक न्यायाची गरज होती.

१९५२ साली देशभरात लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांत विभागल्या होत्या. त्यांपैकी ३१४ एका जागेचे, ८६ दोन जागांचे आणि उत्तर बंगाल हा एकच तीन जागांचा होता. १९५७ साली दोन जागांचे मतदारसंघ वाढून ९१ झाले.

दोन मतपत्रिका, वेगवेगळ्या पेट्या

नांदेडच्या मतदाराच्या हाती लोकसभेसाठी दोन मतपत्रिका पडत. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कागद टाकायचा. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कोट्यवधी लोकांसाठी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने ही सोय केली होती. देशभर अशा २० लाखांहून अधिक पेट्या लागल्या.

दोन जागांच्या मतदारसंघात नियम असा होता की मते दोन, पण एका उमेदवाराला एकच. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले ६३वे कलम हेच सांगत होते. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर त्यांतला एकच मोजला जाई. दोन्ही मते खुल्या उमेदवारांना देता येत, दोन्ही राखीव उमेदवारांना देता येत, किंवा एक इकडे आणि एक तिकडे. दुसरा कागद वापरायचाच नाही, अशीही मुभा होती.

मोजणीचा क्रमही ठरलेला होता. आधी अनुसूचित जातीच्या उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते कुणाला ते पाहायचे. तो राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांमध्ये, त्यांत अनुसूचित जातीचे उरलेले उमेदवारही आले, ज्याला सर्वाधिक मते तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे खुली जागा खरोखर खुली होती. अनुसूचित जातीच्या दोन उमेदवारांना भरघोस मते पडली, तर दोघेही निवडून येऊ शकत होते.

१९५२ साली नांदेडहून शंकरराव टेळकीकर आणि देवराव कांबळे हे दोघे काँग्रेस उमेदवार निवडून आले. पक्षाची जोडी मतदारांनी जोडीनेच स्वीकारली.

दुसऱ्या मताचे राजकारण

या पद्धतीतली खरी लढाई दुसऱ्या मताची होती. पहिले मत आपल्या माणसाला मिळणार, हे प्रत्येक पक्ष धरून चाले. पण आपल्या मतदाराने दुसरा कागद कुठे टाकावा? मित्रपक्षाच्या उमेदवाराला, की कुणालाच नाही? सवर्ण मतदार दलित उमेदवाराच्या पेटीत कागद टाकेल का? दलित मतदार खुल्या जागेवरच्या मित्र उमेदवाराला साथ देईल का?

या प्रश्नांचा सगळ्यांत कडू अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आला. १९५२ साली ते उत्तर मुंबई या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे होते आणि खुल्या जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर आणि वि. बा. गांधी निवडून आले. वाया घालवलेल्या मतांचा मुद्दा पुढे करून आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्जही केला, पण तो यशस्वी झाला नाही. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली, तीही दोन जागांची. या वेळी अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष लोकसभेत जनतेच्या मताने कधीच जाऊ शकले नाहीत आणि त्यांच्या दोन्ही लढती दोन जागांच्या मतदारसंघातच झाल्या. मतदारसंघ एकत्र झाले म्हणून मने एकत्र होत नाहीत, हे या दोन निकालांनी स्पष्ट दाखवले.

हे ध्यानात घेतले म्हणजे नांदेडच्या १९५७च्या निकालाचे मोल कळते.

१९५७ : बदललेला नकाशा, बदललेला निकाल

दोन निवडणुकांच्या मध्ये मराठवाड्याचा नकाशाच बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला, हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. नांदेड जिल्ह्यातला मुधोळचा तेलुगू मुलूख आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ मराठी बाजूला आले. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. ज्यांचा कारभार कालपर्यंत बीदरहून चालत होता, त्या गावांची कचेरी आता उस्मानाबादला झाली.

त्याच हिवाळ्यात आणखी दोन मोठ्या घटना घडल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढच्या तीन-चार महिन्यांत निवडणूक आली. फेडरेशन मराठी भाषकांच्या राज्याची मागणी करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले होते. पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. मराठवाड्यात काँग्रेसची पकड बरीच टिकून राहिली. औरंगाबादहून स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आले. अशा प्रदेशात, बाबासाहेबांच्या पश्चात झालेल्या पहिल्याच निवडणुकीत, नांदेडने फेडरेशनचा खासदार दिल्लीला पाठवला. नाशिकहून निवडून आलेले दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावचे बी. सी. कांबळे यांच्या जोडीला नांदेडचे हरिहरराव सोनुले लोकसभेत बसले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि फेडरेशनचे राजकारण त्या नव्या पक्षात गेले.

इथे दोन कागदांची पद्धत कशी कामाला आली, ते पाहण्यासारखे आहे. एकाच जागेच्या लढतीत मतदाराला एकच पक्ष निवडावा लागला असता. दोन जागा असल्यामुळे मतदारसंघाने काँग्रेसलाही नाकारले नाही आणि फेडरेशनलाही स्वीकारले. दलितांचे संघटित, स्वतंत्र राजकारण मराठवाड्यात लोकसभेपर्यंत पोहोचले ते या दाराने.

एका खटल्याने उठलेले वादळ

त्याच १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम या दोन जागांच्या मतदारसंघात एक अनपेक्षित निकाल लागला. राखीव जागा अनुसूचित जमातीची होती. खुल्या जागेचे वजनदार उमेदवार होते माजी केंद्रीय मंत्री व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. निवडून आले ते दोघेही आदिवासी उमेदवार. गिरी ५६५ मतांनी मागे पडले. राखीव जागेसाठी अर्ज केलेला उमेदवार खुल्या जागेवर कसा निवडला जाऊ शकतो, हा प्रश्न घेऊन ते न्यायालयात गेले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : राखीव जागा ही अधिकची हमी आहे, खुल्या जागेवरचा हक्क तिच्यामुळे जात नाही.

न्यायाच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा होता. राजकीय पक्षांना मात्र त्याने विचारात पाडले. शिवाय तक्रारी आधीपासून होत्याच. दोन जागांचा मतदारसंघ दुप्पट मोठा, दुप्पट मतदारांचा. कच्चे रस्ते आणि मोजक्या मोटारी यांच्या काळात गोदाकाठच्या गावांपासून डोंगराळ तालुक्यांपर्यंत फिरायचे, तर पैसा आणि वेळ दोन्ही संपत. साधनसंपन्न उमेदवाराला ते जमे. राखीव जागेच्या उमेदवाराजवळ बहुधा ना गाडी असे, ना पैसा. निवडून आल्यावर गाऱ्हाणे दोघांपैकी कुणाकडे न्यायचे, हाही प्रश्न होताच.

अखेर १९६१चा पहिला कायदा म्हणून द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा मंजूर झाला. अशा प्रत्येक मतदारसंघाचे दोन भाग करायचे आणि त्यांतला एक राखीव ठेवायचा, हे काम निवडणूक आयोगाकडे आले.

लातूरचा जन्म

१९६२च्या यादीत मराठवाड्याच्या जागा सातच राहिल्या, पण नावे सहाऐवजी सात झाली. नांदेडची दुसरी जागा गेली आणि लातूर हा नवा राखीव मतदारसंघ आला. नांदेडहून तुळशीदास जाधव निवडून आले. ते मूळचे सोलापूर भागातले स्वातंत्र्यसैनिक, पुढे १९६७ साली बारामतीचे खासदार झाले. लातूरहून तुळशीराम कांबळे निवडून आले आणि १९६७ व १९७१ सालीही तेच राहिले. दोघेही काँग्रेसचे. दोन वेगळ्या विचारांचे खासदार देणारा मतदारसंघ मोडला आणि दोन्ही तुकडे एकाच पक्षाकडे गेले.

लातूरच्या बाजूने पाहिले तर हा लाभच होता. अजून जिल्ह्याचे ठिकाण नसलेल्या गावाला आपला खासदार मिळाला. लातूर जिल्हा झाला तो १९८२च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मतदारसंघानंतर वीस वर्षांनी. लोकसभेच्या नकाशावर लातूर आधी मोठे झाले आणि प्रशासनाच्या नकाशावर नंतर.

पण काही हातचे गेलेही. नांदेडच्या मतदारापुढे आता लोकसभेसाठी राखीव जागा नव्हती आणि लातूरच्या मतदारापुढे खुली जागा नव्हती. त्यात कायद्याची आणखी एक गाठ होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ पासून तो शिखांना लागू झाला. बौद्धांना तो मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे धम्मदीक्षा घेतलेल्या आणि तशी नोंद करणाऱ्या कार्यकर्त्याला लातूरच्या राखीव जागेवर अर्जच भरता येत नव्हता. दोन जागांच्या मतदारसंघात त्याच्यासाठी निदान खुली जागा त्याच मतदारांपुढे होती. आंबेडकरी चळवळीचा जोर असलेल्या या पट्ट्यात १९६२ नंतर त्या राजकारणाला लोकसभेची वाट इतकी अवघड का झाली, त्याचे एक कारण इथे सापडते.

रेघा पुन्हा पुन्हा

१९७७ साली नव्या पुनर्रचनेत लातूर खुले झाले. त्या वर्षी शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील लातूरहून आणि त्याच पक्षाचे केशवराव धोंडगे नांदेडहून निवडून आले. जुन्या मतदारसंघाचे दोन्ही वारस एकाच वेळी विरोधी पक्षाकडे गेले. १९८० पासून चित्र पालटले. शंकरराव चव्हाणांनी नांदेडचे आणि शिवराज पाटील चाकूरकरांनी लातूरचे प्रतिनिधित्व केले. दोघेही देशाचे गृहमंत्री झाले. चाकूरकर लातूरहून सलग सात वेळा जिंकले आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. २००४ साली रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांचा पराभव केला.

२००८च्या पुनर्रचनेने लातूर पुन्हा राखीव केले, २००९ पासून आजतागायत ते तसे आहे. त्याच पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातला लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत आला, तर किनवट आणि हदगाव हिंगोलीत. लोह्याच्या शेतकऱ्याचा जिल्हाधिकारी आज नांदेडला बसतो आणि खासदार लातूरचा असतो. या दोन गावांचा जुना संबंध असा अजून कायद्याच्या कागदावर जिवंत आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठही नांदेडला आहे आणि लातूरची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत.

या इतिहासातून काय घ्यायचे

दोन जागांचे मतदारसंघ परत यावेत, असे कुणी म्हणत नाही. त्यांतले दोष खरे होते आणि ते सगळ्यांत जास्त जाचत होते ते गरीब उमेदवाराला. तरी एक गोष्ट त्यांनी साधली होती. प्रत्येक मतदाराला एकाच दिवशी दोन निवडी करायच्या होत्या आणि राखीव व खुला असे दोन्ही उमेदवार एकाच गावच्या एकाच चावडीपुढे उभे राहत. राखीव जागा ही आपल्या भागावर आलेली पाळी आहे, असे कुणाला म्हणता येत नव्हते. ती सगळ्यांच्या प्रतिनिधित्वाचा अर्धा भाग होती. एकसदस्य पद्धतीत राखीव मतदारसंघाकडे बाहेरून पाहण्याची सवय लागली आणि आमचा मतदारसंघ कधी सुटणार, ही भाषा रूढ झाली. नांदेड-लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी ती ऐकलेली आहे.

दुसरा धडा नकाशाचा. राज्यांच्या लोकसभा जागांची संख्या १९७१च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. ८४व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यानंतर रेघा पुन्हा आखल्या जातील आणि राखीव जागाही नव्याने ठरतील. या रेघा आखणाऱ्या परिसीमन आयोगाचा आदेश एकदा निघाला की घटनेच्या ३२९व्या अनुच्छेदामुळे न्यायालयाची वाट जवळजवळ बंद होते. त्याआधी मात्र आयोगाला प्रस्तावित आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि जाहीर बैठका घ्याव्या लागतात. नांदेडची जागा दुप्पट झाली, दुभंगली, लातूर राखीव झाले, खुले झाले आणि पुन्हा राखीव झाले. प्रत्येक वेळी त्या रेघेने कुणाचा उमेदवारीचा हक्क वाढवला, तर कुणाचा आखडला. म्हणून पुढचा आराखडा येईल तेव्हा तो फक्त पक्षांच्या कचेरीत वाचला जाऊ नये. ग्रामसभांनी तो मागवून घ्यावा, आपला तालुका कुठे जोडला जातो आणि आपल्याकडे मत मागायला कोण येऊ शकेल हे पाहावे, आणि हरकत असेल तर मुदतीच्या आत लेखी द्यावी.